एकांची ओळ

गणिताशी आमचे सूत कधीच जमले नाही. शाळेत होतो तेव्हा गणिताच्या तासाला आमचे लक्ष खिडकीबाहेरच्या पावसाकडे असे. आणि पुढे महाविद्यालयात जाण्याची वेळ आली तेव्हा ज्या शाखेत आकडेमोड सर्वांत कमी ती शाखा आम्ही डोळे मिटून पत्करली. कला शाखेची पदवी घेतली, शिक्षक झालो, मराठी आणि इतिहास शिकवू लागलो. आता आकड्यांचा संबंध सनावळीपुरता आणि पगाराच्या तारखेपुरता उरला, अशा समाधानात आमचे दिवस चालले होते. त्या समाधानाला नववीतल्या एका मुलीने सुरुंग लावला. त्याचीच ही हकीकत.

वास्तविक संख्यांची पहिली ओळख आम्हांला शाळेने नव्हे, आजीने करून दिली. मयेच्या आमच्या घरात बोलणे कोकणी आणि वाचणे मराठी असा रिवाज होता. मोजणे मात्र दोहोंपैकी कोणत्याच भाषेत नसे, ते नारळांत असे. पाडेली माडावरून उतरला की अंगणात नारळांचा ढीग पडे आणि आजी पदर खोचून ते नारळ ओळींनी मांडावयास बसे. पाचांच्या ओळी, नाहीतर सातांच्या. सगळ्या ओळी सारख्या लागल्या की तिचा चेहरा खुले. परंतु कधी कधी ढीगच असा पडे की दोनांच्या ओळी करा, तिनांच्या करा, पाचांच्या करा, काही ना काही शिल्लक राहीच. मग आजी वैतागून म्हणे, “एक नाल्ल उरलो!” आणि तो उरलेला नारळ स्वयंपाकघरात धाडी. त्या दिवशीचे हुमण जरा दाट होई. मौज अशी की तो एक नारळ बाजूला काढला की उरलेल्यांच्या ओळी झटकन लागून जात. ज्या संख्येला एक आणि ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कशानेही निःशेष भाग जात नाही तिला मूळ संख्या म्हणतात, हे आम्ही पुढे पुस्तकात वाचले. पण त्याआधीच त्या संख्यांनी आमच्या आजीला पुरेसा त्रास दिलेला होता.

आता नववीच्या वर्गाकडे वळतो. २०२५ सालचा पावसाळा. गणिताच्या बाई रजेवर होत्या आणि त्यांचा तास आमच्या गळ्यात पडला होता. बाहेर पाऊस असा कोसळत होता की फळ्यावर लिहिण्यावाचून शिकविण्याचा दुसरा मार्ग नव्हता. आम्हांला गणित येत नाही हे मुलांना ठाऊक होते. तरी तास फुकट घालविल्याचा आळ नको म्हणून आम्ही त्यांना एका शिक्षकाची गोष्ट सांगावयाचे ठरविले.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते पदवीधर झाले. पुढे नाशिकजवळच्या देवळालीस ते शाळामास्तर झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत शाळामास्तरच राहिले. विद्यापीठाचे आसन नाही, मोठे ग्रंथालय नाही, सोबतीला केवळ संख्या. त्यांतून त्यांनी जे शोधले त्याची त्या काळी पुष्कळांनी थट्टाच केली. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी एका अमेरिकन मासिकात त्यांच्यावर लिहिले तेव्हा कुठे जगाचे लक्ष या मास्तरांकडे गेले. ६१७४ ही संख्या आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. आम्ही मुलांना सालाचीच गंमत दाखविली: ४५ चा वर्ग २०२५, त्याचे मधोमध दोन तुकडे करा, २० आणि २५, त्यांची बेरीज पुन्हा ४५. अशा संख्यांनाही कापरेकरांचेच नाव आहे. आपण ज्या सालात बसलो आहोत तेच असे निघावे, याचा वर्गाला फार आनंद झाला.

मग आम्ही फळ्यावर कापरेकरांच्या ‘डेमलो’ संख्या लिहिल्या. मुंबईजवळच्या एका रेल्वे स्टेशनावर त्यांना ही कल्पना सुचली आणि त्या स्टेशनाचे नाव त्यांनी आपल्या संख्यांना देऊन टाकले. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१. नऊ एक घेतले तर वर्ग येतो १२३४५६७८९८७६५४३२१. चढ आणि उतार, एखाद्या देवळाच्या पायऱ्यांसारखा. मुले वहीत उतरवून घेऊ लागली आणि आम्ही मनोमन स्वतःची पाठ थोपटली.

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. फारशी न बोलणारी. म्हणाली, “सर, वर्ग कळले. पण त्या ज्या एकांच्या ओळी आहेत, त्या मूळ संख्या असतात का? ११ आहे म्हणून विचारते.”

प्रश्न साधा होता. आम्ही खडू उचलला. १११ च्या अंकांची बेरीज तीन, तेव्हा तिनाने भाग जातो: ३ गुणिले ३७. ११११ म्हणजे ११ गुणिले १०१. पाच एकांना पुष्कळ वेळ काही सापडेना. अखेर पहिल्या बाकावरच्या एका मुलाने ४१ ने भाग लावला आणि २७१ उत्तर आणले. सहा एकांना तिनाने आणि अकराने दोहोंनी भाग जातो. मग आले सात एक: ११,११,१११. आम्ही ७ ने भागून पाहिले, ११ ने पाहिले, १३, १७, १९ ने पाहिले. भाग जाईना. घंटा व्हायला दोन मिनिटे उरली होती. आम्ही खडू ठेवला, हात झटकले आणि इतिहासातली तारीख सांगावी अशा स्वरात सांगून टाकले, “ही मूळ संख्या आहे.”

कशाच्या आधारावर? कशाच्याच नाही. पाच भागाकार करून आमचा हात दुखला होता, एवढाच काय तो आधार.

दुसऱ्या दिवशी वर्गाबाहेरच्या दिनविशेषाच्या फळ्यावर सुबक अक्षरांत लिहिलेले दिसले: ‘११,११,१११ ही मूळ संख्या आहे.’ खाली आमचे नाव. आम्ही ते वाचले आणि, खोटे कशाला बोला, आम्हांला बरेच वाटले. चार दिवस ते वाक्य तेथे राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्या पालकांनी ते वाचले. एका गृहस्थांनी तर “गणितही घेता वाटते हल्ली?” अशी आमची चौकशी केली.

पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत ती मुलगी शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. आत आली नाही. आम्हीच बाहेर गेलो. तिने वही उघडून पुढे केली. पाने भरून भागाकार होते. दोन, तीन, पाच हे नुसते पाहून सोडलेले, आणि त्यानंतर सातापासून एकेक मूळ संख्या घेऊन, एकही न गाळता, ओळीने केलेले. ७, ११, १३, १७, १९ आणि मग आम्ही जेथे थांबलो होतो तेथून पुढे २३, २९, ३१... एकूण एकोणपन्नास भागाकार. शेवटचा २३९ ने. बाकी शून्य. त्याखाली चौकट करून लिहिले होते: २३९ × ४६४९ = ११,११,१११.

“सर, तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही,” ती म्हणाली, “पण भाग जातो.”

आम्ही गुणाकार करून पाहिला. बरोबर होता. त्या क्षणी मनात जे आले ते या पानांवर लिहिताना संकोच वाटतो, तरी लिहितो. मनात आले की फळ्यावरचे ते वाक्य आज नाहीतर उद्या कोणीतरी पुसणारच आहे. चार ओळींचा सुविचार त्यावर लिहिला की झाले. मुलगी मोठ्याने बोलणारी नव्हे. बाई रजेवरून परतलेल्या नव्हत्या. एका संख्येला भाग जातो की जात नाही याने कोणाचे घर बुडणार होते? आमच्या आतला कला शाखेचा पदवीधर हा युक्तिवाद मोठ्या सफाईने करीत होता. परंतु वहीतले ते एकोणपन्नास भागाकार समोर होते. ती रोज संध्याकाळी घरी बसून ते करीत राहिली होती, आणि ते करताना तिला पुढे काय निघेल हे ठाऊक नव्हते. कदाचित आमचेच म्हणणे खरे ठरावे अशी तिची इच्छाही असेल.

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही सांगितले की आम्ही दिलेले उत्तर चूक होते आणि ते आम्ही न तपासता दिले होते. मग त्या मुलीला फळ्याजवळ बोलावले. तिने गुणाकार मांडला. वर्ग चिडीचूप झाला. शेवटी मागून एका मुलाने, अगदी निरागसपणे, विचारले, “सर, मग इतिहासातलंसुद्धा तपासायचं का?”

“तपासा,” आम्ही म्हणालो. त्या आठवड्यात आमच्या सनावळीची दोनदा तपासणी झाली. एकदा आम्ही हरलो.

गणिताच्या बाई रजेवरून आल्या आणि त्यांनी वही पाहिली. त्यांनी त्या मुलीची पाठ थोपटली, आणि मग म्हणाल्या, “एकोणपन्नास नव्हे, आठ भागाकारांत झाले असते.” त्यांनी जे दाखविले ते आम्हांलाही समजले, तेव्हा वाचकांना समजावयास हरकत नाही. एकाला २३९ ने भागा. उत्तर येते ०.००४१८४१००४१८४१... म्हणजे ‘००४१८४१’ हे सातच अंक पुन्हा पुन्हा फिरून येतात. हा योगायोग नव्हे. सात एकांच्या ओळीला जी मूळ संख्या भागते तिने एकाला भागले तर दशांश सात-सात अंकांनीच आवर्तन घेतो. पाच एकांना भागणारी ४१ घ्या: ०.०२४३९०२४३९... आवर्तन पाच अंकांचे. आणि आवर्तनाची ही लांबी त्या मूळ संख्येतून एक वजा केल्यावर जी संख्या उरते तिला नेहमीच निःशेष भागते, हा गणितातला जुना सिद्धांत आहे. तेव्हा सात एकांचा विभाजक हवा असेल तर त्यातून एक वजा केलेली संख्या साताच्या पाढ्यात हवी. आणि विभाजक विषम असल्याने ती समही हवी. म्हणजे चौदाच्या पाढ्यात. चौदाच्या पाढ्यात एक मिळवीत चला आणि ज्या मूळ आहेत तेवढ्याच ठेवा: २९, ४३, ७१, ११३, १२७, १९७, २११, २३९. आठवी संख्याच आपले उत्तर.

आम्हांला वाटले, मुलगी हरखून जाईल. ती गप्प राहिली, मग जरा रुसूनच म्हणाली, “बाई, हे आधी का नाही सांगितलंत?” तिच्या चार संध्याकाळी त्या आठ संख्यांनी जणू हिरावून घेतल्या होत्या. बाईंनी हसून तिची वही मिटली आणि तिला विचारले, “आता अठरा आणि एकोणीस एकांचे काय?”

येथून पुढे जे घडले त्यात आमचा वाटा ऐकणाऱ्याचा. ओळीतल्या एकांची गणती जर स्वतः मूळ नसेल तर ती ओळ मूळ असूच शकत नाही. कारण सहा एक हे तीन-तीनांच्या दोन गटांत किंवा दोन-दोनांच्या तीन गटांत मोडता येतात आणि तशीच ती संख्याही मोडते. अठरा एकांचा निकाल असा बसल्या जागी लागला. पण गणती मूळ असली म्हणजे ओळ मूळ असेलच असेही नाही. तीन, पाच, सात तर आपण पाहिलेच. तेरा एकांना ५३ ने आणि ७९ ने भाग जातो. सतरा एक फार चिवट. त्यांचा सर्वांत लहान विभाजक २०,७१,७२३. आणि मग येतात एकोणीस एक:

११११११११११११११११११११

चुकलो, घाईत वीस एक लिहिले गेले. (ही चूक मुद्दाम ठेवतो, आमच्या सांगण्यावर कितपत भरवसा ठेवावा हे वाचकांच्या ध्यानात राहील.) एकोणीस ते हे:

१११११११११११११११११११

ही संख्या मूळ आहे. दोन एकांनंतर, म्हणजे ११ नंतर, एकांच्या ओळींतली ही पहिलीच मूळ संख्या. तिच्यामागून तेवीस एकांची ओळ. संगणक येण्यापूर्वीच, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, या दोन्हींचा निकाल लागला होता. तो नुसते भागाकार करून लावावयाचा म्हटले तर काय होईल याचा हिशेब त्या मुलीनेच मांडला. एकोणीस एकांचे वर्गमूळ सुमारे १०५ कोटी. तेथपर्यंत अडतीसच्या पाढ्यात एक मिळवून होणाऱ्या संख्या घेतल्या, आणि बाईंच्या अंदाजाने त्यांतल्या मूळ तेवढ्याच ठेवल्या, तरी तीस लाखांच्या घरात भागाकार उरतात. मिनिटाला एक याप्रमाणे रात्रंदिवस बसले, तर साडेपाच वर्षे. “आणि तोवर माझी बारावी होऊन जाईल,” ती म्हणाली.

मग हे सिद्ध कसे करावयाचे? फ्रेंच गणिती एदुआर ल्युका (१८४२–१८९१) यांनी यासाठी एक वाट दाखवून ठेवली आहे, आणि ती बाईंनी सांगितली तेव्हा आम्ही खुर्चीतून अर्धे उठलोच. संख्येला हात लावू नका, ल्युका म्हणतात. तिच्या शेजारणीला विचारा. संख्येतून एक वजा करा. जी संख्या उरेल तिचे सगळे मूळ अवयव जर हाती आले, तर त्या अवयवांच्या साहाय्याने थोड्याशाच कसोट्या घेऊन पहिली संख्या मूळ आहे की नाही हे निःसंशय ठरविता येते. आता एकोणीस एकांतून एक वजा केला की काय उरते? अठरा एक आणि शेवटी शून्य. अठरा एक तर मोडणारेच. ते नऊ एक आणि १,००,००,००,००१ यांचा गुणाकार. आणि या दोन्हींचे तुकडे शाळेतला मुलगाही पाडू शकेल. सगळे मिळून अवयव निघतात ते असे: २, ३, ३, ५, ७, ११, १३, १९, ३७, ५२,५७९ आणि ३,३३,६६७. ज्या संख्येला कोणीही भागू शकत नाही तिची शेजारीण अशी अकरा ठिकाणी मोडते, आणि नेमकी म्हणूनच तिची साक्ष उपयोगी पडते.

आमच्या डोळ्यांपुढे मयेचे अंगण उभे राहिले. एक नारळ बाजूला काढला की उरलेल्यांच्या ओळी झटकन लागतात, हे आजीला ठाऊक होते. त्याचा पुढे काय उपयोग होतो हे मात्र आम्हांलाही या वयात, दुसऱ्यांच्या वर्गात बसून कळले.

तेवीस एकांनंतर मात्र मोठे ओसाड रान लागते. त्यानंतरची मूळ ओळ ३१७ एकांची. ती मूळ असल्याचे कॅनडातील गणिती ह्यू विल्यम्स यांनी १९७८ साली दाखवून दिले. मग १,०३१ एकांची. तिची सिद्धता विल्यम्स आणि हार्वे डबनर यांनी १९८६ साली प्रसिद्ध केली. आणि त्यानंतरच्या ओळीची कथा आम्हांला सर्वांत जास्त आवडली. १९९९ साली डबनर यांना ४९,०८१ एकांची ओळ आढळली. ती सगळ्या झटपट कसोट्यांना उतरली. पण तिच्या शेजारणीचे पुरेसे अवयव कोणाच्या हाती येईनात. झटपट कसोटीवर विसंबता येत नाही. ३४१ ही अकरा आणि एकतीस यांचा गुणाकार असूनही अशी एक कसोटी बेमालूम उतरते. म्हणून गणित्यांनी ४९,०८१ एकांपुढे ‘बहुधा मूळ’ एवढेच लिहिले आणि ते वाट पाहत बसले. शक्तिमान संगणक आणि नव्या रीती हाताशी आल्यावर २०२२ साली सिद्धता मिळाली, तेव्हा कुठे ‘बहुधा’ हा शब्द खोडला गेला. तेवीस वर्षे! आणि इकडे आम्ही पाच भागाकारांनंतर खडू ठेवून मोकळे झालो होतो.

इतिहास शिकविणाऱ्या माणसास येथे आणखी एक नाव आठवल्यावाचून राहत नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी १९०७ साली आमच्या गोव्यातच जन्मले. इतिहासकार म्हणून त्यांची पुस्तके आम्ही महाविद्यालयात वाचली. ते मुळात गणिती होते हे फार उशिरा कळले. आयुष्याच्या उत्तरार्धात मूळ संख्यांनी त्यांना पुरते झपाटले. या संख्या मोजपट्टीवर कशा विखुरलेल्या आहेत, या प्रश्नाला संभाव्यतेच्या शास्त्राने भिडण्याचा त्यांनी प्रयत्न केला आणि गणितातले एक अत्यंत अवघड कोडे त्या मार्गाने सुटते असे १९५९ साली मांडले. गणिती मंडळींनी ती सिद्धता मान्य केली नाही. संभाव्यतेने विश्वास वाटतो, सिद्धता होत नाही, असे त्यांचे म्हणणे. १९६६ साली कोसंबी निवर्तले, ते कोडे आजही सुटलेले नाही. एवढ्या थोर बुद्धीच्या पुरुषाचेही म्हणणे तेथे तपासल्यावाचून घेत नाहीत, हे वाचून आम्हांला धीर आला की भीती वाटली, हे नक्की सांगता येत नाही.

शाळेत गोष्ट पसरल्यावर एका मुलाने येऊन विचारले, की सर, सगळ्यात मोठी मूळ संख्या कोणती? या वेळी आम्ही सावध होतो. सर्वांत मोठी अशी नसतेच, मूळ संख्या कधी संपत नाहीत, हे ग्रीक गणिती युक्लिड यांनी दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध केले आहे. माणसाला सापडलेली मोठ्यांत मोठी कोणती, एवढेच विचारता येते. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी अमेरिकेतील ल्यूक ड्युरांट यांना जी सापडली ती तोवरच्या सर्वांपेक्षा मोठी होती: दोनाचा १३,६२,७९,८४१ वा घात घ्या आणि त्यातून एक वजा करा. ती लिहून काढावयास ४,१०,२४,३२० अंक लागतात. संगणक आकडे लिहितो त्या पद्धतीने, म्हणजे केवळ शून्य आणि एक वापरून, तीच संख्या लिहिली तर काय दिसते ठाऊक आहे? एकांची ओळ. शून्य एकही नाही. १३,६२,७९,८४१ वेळा एक. आणि ती मूळ आहे हे ज्या कसोटीने ठरले तिचा पाया त्याच ल्युकांनी घातलेला. १८७६ साली त्यांनी स्वतः अशाच जातीची, एकोणचाळीस अंकी, १२७ एकांची संख्या मूळ असल्याचे दाखविले होते, आणि तेही हाताने.

आता राहिली अकरा एकांची ओळ. तीन, पाच, सात, तेरा, सतरा यांविषयी आम्ही लिहिले आणि अकरा तेवढे गाळले, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. ते विसरून नव्हे. ती ओळ मोडते. तिचे दोनच तुकडे होतात. ते आम्हांला बाईंनी सांगितले आहेत आणि आम्ही गुणाकार करून, या वेळी दोनदा, पडताळले आहेत. परंतु ते येथे छापले तर एका वहीचे मोठे नुकसान होईल. बावीसच्या पाढ्यात एक मिळवून येणाऱ्या मूळ संख्या, २३, ६७, ८९ अशा, ती मुलगी एकेक करून तपासते आहे. संगणक वापरावयाचा नाही, असा तिचाच नियम आहे. आणि बाईंनी उत्तर सांगावयाचे नाही, असा दुसरा.

ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात मयेच्या तळ्याजवळ ती आम्हांला भेटली. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात ती वही. वहीचे दोन्ही पुठ्ठे सुटलेले. कुठपर्यंत आलीस म्हणून आम्ही विचारले.

“नऊ हजारांच्या पुढे, सर.” मग आमच्या तोंडाकडे निरखून पाहत तिने विचारले, “आता जवळच असेल ना?”

आम्ही तळ्याकडे पाहू लागलो. “छत्री नीट धर,” आम्ही म्हणालो, “वही भिजेल.”